स्टार वॉर्सच्या टाय-इन कादंबऱ्या आणि आरपीजी सोर्सबुकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट पाहून झाले, मालिका पाहून झाल्या, आता पुस्तकांकडे वळावंसं वाटतंय. पण शीर्षकांची रांग बघून कुठून हात घालावा ते कळत नाही, अशा वाचकांसाठी हे पान आहे. कादंबऱ्यांइतकीच जागा इथे रोलप्लेइंग गेमच्या (म्हणजेच आरपीजीच्या) सोर्सबुकांना दिली आहे. या विश्वाची निम्मी बांधणी त्या पुस्तकांत झाली असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं श्रेय त्यांच्या लेखकांना फार कमी मिळालं आहे.

टाय-इन कादंबरी म्हणजे काय?

दुसऱ्याच्या मालकीच्या विश्वात, त्या मालकाच्या परवानगीने लिहिलेली कादंबरी. तिचे ढोबळ दोन प्रकार. पहिला, चित्रपटाचीच गोष्ट पुस्तकरूपात. स्टार वॉर्सचं असं पहिलं पुस्तक चित्रपटाच्याही आधी, १९७६ च्या अखेरीस दुकानांत आलं. चित्रपट लागला तो २५ मे १९७७ ला. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकास यांचं होतं, पण लिहिलं होतं ॲलन डीन फॉस्टर यांनी.

दुसरा प्रकार म्हणजे पडद्यावर न आलेली, नवी गोष्ट. याची सुरुवातही फॉस्टर यांनीच केली. १९७८ च्या ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ची कथा मुद्दाम अशी बेतली होती, की पहिला चित्रपट जेमतेम चालला तर कमी पैशांत तिच्यावर दुसरा काढता यावा. म्हणून ती घडते मिंबन नावाच्या, कायम धुक्यात बुडालेल्या ग्रहावर. धुकं असलं की मोठे सेट उभारायला नकोत. हान सोलो तिच्यात नाहीच, कारण हॅरिसन फोर्ड यांनी पुढच्या चित्रपटाचा करार केलेला नव्हता. पुढे चित्रपटाने काय केलं ते जगाला माहीत आहे. स्वस्तातला बेत बारगळला आणि पुस्तक तेवढं राहिलं. मिंबनचा चिखल पडद्यावर यायला २०१८ चा ‘सोलो’ उजाडावा लागला.

मग हे फॅन फिक्शनपेक्षा वेगळं कसं?

परवाना, करार आणि मंजुरी, या तीन बाबतींत. महाभारतातलं एखादं पात्र धरून त्याच्या नजरेतून अख्खी कादंबरी लिहायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. स्टार वॉर्सला मालक आहे. आराखडा आधी लुकासफिल्मकडे जातो, तिथून शेरे येतात, काही कल्पना सरळ कापल्या जातात. लेखकाने निर्माण केलेलं पात्रसुद्धा शेवटी कंपनीचं होतं. हे पटो न पटो, पण वाचताना ध्यानात ठेवलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

रोलप्लेइंग गेम नेमका खेळतात कसा?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेममास्टर. तो प्रसंग मांडतो आणि उरलेल्या जगाच्या वतीने बोलतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. स्टार वॉर्सच्या मूळ गेममध्ये पात्राचे सहा मूळ गुण असतात, त्यांत चपळाई, ज्ञान, ताकद वगैरे, आणि सगळी मोजणी साध्या सहा बाजूंच्या फाशांत. ‘५ डी + २’ म्हणजे पाच फासे टाकायचे, बेरीज करायची, वर दोन मिळवायचे. गेममास्टरने ठरवलेला आकडा गाठला की काम फत्ते.

समजा, पायलट चालवणारी मैत्रीण आहे.

‘मागे दोन टाय फायटर लागलेत. समोर लघुग्रहांचा पट्टा. काय करतेस?’

‘आत घुसते.’

‘शील्ड अर्धं गेलंय, लक्षात आहे ना?’

‘आहे. तरी घुसते.’

‘मग कठीण धरतो. वीस पाहिजेत. टाक फासे.’

सहा, चार, चार, तीन, एक. अठरा, अधिक दोन, नेमके वीस. जहाज सुटलं. ‘५ डी + २’वर हा आकडा गाठायची शक्यता बरोबर निम्मी असते, म्हणूनच तो क्षण एवढा रंगतो. नियम इंग्रजीत असले तरी टेबलावरची भाषा तुमची. मराठीत हा खेळ अगदी सहज चालतो.

आणि मग दुसरा खेळाडू विचारतो, ‘या पट्ट्यात एखादा खाणकामाचा जुना तळ आहे का? तिथे लपू. चालवतं कोण तो? साम्राज्याला कर देतात का ते?’ इथे गेममास्टरला उत्तर द्यावंच लागतं.

सोर्सबुक म्हणजे काय, हे अजून कळलं नाही.

त्याच उत्तरांचं पुस्तक. सोर्सबुकात कथा नसते, किंवा असलीच तर तुकड्या-तुकड्यांत. असतात ती जहाजं, त्यांचे निर्माते, सैन्याची रचना, ग्रह, प्रजाती, गुप्तहेर खाती, तस्करांचे मार्ग, प्रत्येकाचे आकडे आणि प्रत्येकाची पार्श्वभूमी.

चित्रपटाचा दिग्दर्शक कॅमेरा जिथे नेतो तेवढंच जग बांधतो. कादंबरीकारही कथेला लागेल तेवढंच सांगतो. गेम लिहिणाऱ्याला ती मोकळीक नाही. त्याचा खेळाडू मागच्या दारातून बाहेर पडेल, पहारेकऱ्याला लाच देईल, जहाजाच्या सुट्या भागांची किंमत विचारेल. म्हणून सोर्सबुकाच्या लेखकाला कोणी बघणार नाही अशा खोल्यांचेही नकाशे काढावे लागतात. हे विश्व पुढे ज्या तपशिलांवर उभं राहिलं, त्यांतले कितीतरी या गरजेतून जन्मले.

वेस्ट एंड गेम्सचं नाव एवढं का घेतात?

त्यासाठी १९८७ सालची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. तिसरा चित्रपट येऊन चार वर्षं झाली होती. केनर कंपनीने खेळण्यांचं उत्पादन १९८५ मध्ये थांबवलं होतं, मार्व्हलची कॉमिक मालिका १९८६ मध्ये संपली होती. मोठ्यांसाठीची नवी कादंबरी १९८३ नंतर आलेली नव्हती. स्टार वॉर्स ही एक सरलेली लाट आहे असं बहुतेकांनी धरलं होतं.

अशा वेळी वेस्ट एंड गेम्स या अमेरिकन कंपनीने परवाना घेतला आणि १९८७ च्या ऑक्टोबरात ‘स्टार वॉर्स : द रोलप्लेइंग गेम’ बाजारात आणला. मांडणी ग्रेग कॉस्टिक्यान यांची. फाशांची पद्धत त्याच कंपनीच्या आदल्या वर्षीच्या ‘घोस्टबस्टर्स’ गेमवरून आलेली. त्याच वर्षी बिल स्लाविसेक आणि कर्टिस स्मिथ यांचं ‘स्टार वॉर्स सोर्सबुक’ही आलं.

त्या पुस्तकांनी केलेलं सगळ्यात टिकाऊ काम म्हणजे नामकरण. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या प्राण्यांना तोवर खेळण्याच्या डब्यावरचं नाव, नाहीतर चित्रीकरणाच्या वेळचं टोपणनाव एवढंच होतं. ग्रीडोची प्रजाती रोडियन, जाबाच्या दरबारातल्या बिब फॉर्चुनाची ट्वाइलेक, ही नावं या पुस्तकांतली. आज मालिकांमधली पात्रं ती सहज उच्चारतात.

एकाच पात्राचा प्रवास जवळून बघा. मॉस आयस्लीच्या कॅन्टीनमध्ये हातोड्यासारख्या डोक्याचा एक प्राणी दिसतो. एक शब्द बोलत नाही. खेळण्याच्या डब्यावर तो ‘हॅमरहेड’ म्हणून विकला गेला. वेस्ट एंडच्या लेखकांनी त्याच्या प्रजातीला इथोरियन म्हटलं, त्याला स्वतःला मोमॉ नेडन हे नाव दिलं. ‘गॅलक्सी गाइड’ मालिकेच्या पहिल्या पुस्तकात अशा पात्रांची माहिती वोरेन नाल नावाचा बंडखोरांचा एक इतिहासलेखक गोळा करतो, अशी मांडणी आहे. म्हणजे आपण वाचतो त्या नोंदी त्याच विश्वातल्या एका माणसाच्या. पुढे १९९५ मध्ये कॅन्टीनमधल्या गिऱ्हाइकांवर एक अख्खा कथासंग्रह निघाला आणि त्यात या हातोडीडोक्याला स्वतःची कथा मिळाली. पडद्यावरचे काही क्षण, मग खेळणं, मग सोर्सबुकातली नोंद, मग कथा. हे विश्व असंच वाढलं.

टिमोथी झान यांनी खरंच गेमची पुस्तकं वापरली का?

हो. आणि सुरुवातीला त्यांची तयारी नव्हती, हे त्यांनीच सांगितलं आहे.

झान हे ह्यूगो पुरस्कार मिळालेले, भौतिकशास्त्र शिकलेले विज्ञानकथाकार. बँटम प्रकाशनाने स्टार वॉर्सच्या नव्या कादंबऱ्यांसाठी त्यांना निवडलं, तेव्हा लुकासफिल्मने त्यांच्याकडे वेस्ट एंडच्या सोर्सबुकांचा गठ्ठा पाठवला आणि याच्याशी जुळवून घ्या असं कळवलं. स्वतःचं जग स्वतः बांधायची सवय असलेल्या लेखकाला ते रुचलं नाही. पण पुस्तकं उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की जहाजांची, प्रजातींची जी जुळवाजुळव आपल्याला करावी लागली असती ती कोणीतरी आधीच नीट करून ठेवली आहे.

‘एअर टू द एम्पायर’ १९९१ च्या मे महिन्यात आलं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पाठोपाठ १९९२ मध्ये ‘डार्क फोर्स रायझिंग’ आणि १९९३ मध्ये ‘द लास्ट कमांड’. त्यातलं इंटरडिक्टर जहाज, म्हणजे कृत्रिम गुरुत्वाकर्षण निर्माण करून दुसऱ्या जहाजांना हायपरस्पेसमधून, म्हणजे प्रकाशाहून वेगवान प्रवासाच्या वाटेवरून, बाहेर खेचणारं, वेस्ट एंडच्या पुस्तकांतलं. ग्रँड ॲडमिरल थ्रॉन त्याचा ज्या पद्धतीने उपयोग करतो, ती मात्र झान यांची. गेमच्या पुस्तकात तो एक तपशील होता; कादंबरीत त्याच्यावर युद्धनीती उभी राहिली. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात मोठी मौज आहे.

झान यांचं स्वतःचं देणंही थोडं नाही. शत्रूच्या चित्रांवरून, शिल्पांवरून त्याचा स्वभाव ओळखणारा थ्रॉन, सम्राटाची माजी हस्तक मारा जेड, आणि राजधानीच्या ग्रहाला दिलेलं कोरुसंट हे नाव. १९९९ च्या चित्रपटात लुकास यांनी ते नाव जसंच्या तसं घेतलं.

लुकासफिल्मने झान यांना काय करू दिलं नाही?

दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. पुस्तकाच्या विसाव्या वर्षी निघालेल्या टिपांसह आवृत्तीत झान यांनी त्या सांगितल्या. पहिली : वेडसर जेडाय गुरू जोरस सबाओथ हा ओबी-वान केनोबीचा क्लोन असावा, असं त्यांच्या मनात होतं. नकार आला. दुसरी : वेडरशी निष्ठा असलेल्या नोगरी जमातीलाच ‘सिथ’ म्हणावं, म्हणजे वेडरच्या ‘डार्क लॉर्ड ऑफ द सिथ’ या बिरुदाचा अर्थ लागेल. तिथेही नकार. क्लोन युद्धांच्या तपशिलात शिरायलाही मनाई होती, कारण तो काळ लुकास यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता.

माझ्या मते हे नकार कथेच्या पथ्यावरच पडले. सबाओथ स्वतंत्र पात्र म्हणून जास्त भयंकर आहे. ओबी-वानचा चेहरा असता तर सगळं लक्ष त्या धक्क्याकडे गेलं असतं.

कादंबऱ्यांवरून सोर्सबुकं निघाली का?

निघाली, आणि लगेच. १९९२ मध्येच स्लाविसेक यांचं ‘एअर टू द एम्पायर’वरचं सोर्सबुक आलं. गेममधून कादंबरीत गेलेली सामग्री नव्या पात्रांसह पुन्हा गेममध्ये परतली.

या देवाणघेवाणीचं सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे वेस्ट एंडचं ‘स्टार वॉर्स ॲडव्हेंचर जर्नल’. १९९४ ते १९९७ या काळात त्याचे पंधरा अंक निघाले. नियम, साहसं आणि कथा एकाच अंकात. झान यांची ‘मिस्ट एन्काउंटर’ ही कथा त्यातलीच. एका निर्जन ग्रहावर एकट्याने राहणारा थ्रॉन साम्राज्याच्या तुकडीला कसा सळो की पळो करून सोडतो, याची ती गोष्ट. २०१७ मध्ये झान यांनी नव्या कॅननसाठी, म्हणजे २०१४ नंतर अधिकृत मानलेल्या कथांच्या साखळीसाठी, ‘थ्रॉन’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिची सुरुवात याच कथेवर बेतली. गेमच्या नियतकालिकातली कथा वीसेक वर्षांनी मुख्य प्रवाहात आली.

माणसंही इकडून तिकडे गेली. १९९६ पासूनची ‘एक्स-विंग’ मालिका लिहिणारे मायकल स्टॅकपोल आणि ॲरन ऑलस्टन हे दोघेही मुळात गेम लिहिणारे. त्या मालिकेत प्रत्येक पायलट वेगळा ओळखू येतो, प्रत्येकाचं एक कसब आणि एक कमजोरी असते, मोहिमेआधी सगळे बसून बेत आखतात आणि पहिल्या पाच मिनिटांत बेत फसतो. आरपीजी खेळणाऱ्याला हे वाचताना आपलंच टेबल आठवतं. ॲडव्हेंचर जर्नलसाठी लिहिणारे पाब्लो हिडाल्गो पुढे लुकासफिल्मच्या कथा-विभागात गेले. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ कॉमिक लिहिणारे जॉन जॅक्सन मिलर यांनी त्याच काळावरच्या गेम-मार्गदर्शिकेतही हात घातला, आणि २०१४ मध्ये नव्या कॅननची मोठ्यांसाठीची पहिली कादंबरी ‘अ न्यू डॉन’ त्यांनीच लिहिली.

सोर्सबुकांत चुका असतात का?

असतात. सगळ्यात गाजलेली आहे सुपर स्टार डिस्ट्रॉयरच्या लांबीची. साध्या स्टार डिस्ट्रॉयरची लांबी १,६०० मीटर. वेस्ट एंडने वेडरच्या ‘एक्झिक्युटर’ची लांबी ८ किलोमीटर, म्हणजे बरोबर पाचपट दिली. पण चित्रपटातली दृश्यं मोजणाऱ्या चाहत्यांना ती काही केल्या पटेना. पडद्यावर ते जहाज बाकीच्यांच्या पाचपटीहून खूपच मोठं दिसतं. वर्षानुवर्षं वाद चालला. अधिकृत आकडा आधी १२.८ किलोमीटर झाला आणि शेवटी १९ किलोमीटरवर स्थिरावला.

एका जहाजाच्या लांबीवरून एवढं काय, असं कोणी म्हणेल. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो. पुस्तकात छापलेला आकडा पडद्यावरच्या पुराव्याशी ताडून बघणारे वाचक ज्या विश्वाला मिळतात, त्याच्या लेखकांना हयगय करता येत नाही.

२०१४ च्या आधी काय खरं मानायचे?

लुकासफिल्ममध्ये लेलँड ची यांच्याकडे ‘होलोक्रॉन’ नावाचा माहितीसाठा होता. त्यात पातळ्या होत्या : सगळ्यात वर लुकास यांचे चित्रपट, मग टीव्ही, मग कादंबऱ्या, कॉमिक, गेम वगैरे, आणि त्याखाली जुना, फारसा न जुळणारा मजकूर. वरच्याने खालच्याला खोडून काढायचं, एवढा साधा नियम. लुकास स्वतः मात्र कादंबऱ्यांना बांधील नव्हते.

आणि २०१४ मध्ये?

डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म सुमारे ४ अब्ज डॉलरना विकत घेतली. नवे चित्रपट यायचे होते, आणि जुन्या पुस्तकांत ल्यूक, लेया, हान यांचं ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ नंतरचं आयुष्य आधीच तपशीलवार लिहून झालं होतं. च्युबाकाचा तर १९९९ च्या ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये मृत्यूही झाला होता. २५ एप्रिल २०१४ ला लुकासफिल्मने जाहीर केलं, की एक्सपांडेड युनिव्हर्सची, म्हणजे चित्रपटांबाहेर वाढलेल्या विश्वाची, जुनी पुस्तकं यापुढे ‘लिजेंड्स’ या शिक्क्याखाली निघतील आणि नव्या कथा त्यांना बांधील नसतील.

त्या घोषणेतला एक भाग लोक विसरतात. जुन्यातलं काही नव्यात घेतलंय हे सांगताना ‘रेबेल्स’ मालिकेतली तीन उदाहरणं दिली होती : इन्क्विझिटर, इम्पीरियल सिक्युरिटी ब्युरो आणि सिएनार फ्लीट सिस्टिम्स. या तिन्हींचा उगम १९८० च्या दशकातल्या रोलप्लेइंग गेमच्या साहित्यात आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलं होतं. ‘अँडोर’ मालिका पाहताना आयएसबीच्या, म्हणजे याच सिक्युरिटी ब्युरोच्या, त्या पांढऱ्या बैठकीच्या खोलीने तुमच्या अंगावर काटा आणला असेल, तर त्या खात्याची पाळंमुळं वेस्ट एंडच्या पुस्तकांत आहेत हे ध्यानात घ्या.

मग लिजेंड्स वाचण्यात अर्थ आहे का? ते तर ‘खरं’ नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण तो विचारणारा वाचक स्वतःचाच तोटा करून घेत असतो. शिक्का बदलल्याने पानावरचं एक वाक्यही बदललेलं नाही. थ्रॉनची चाल आजही तितकीच अचूक आहे. कॅनन ही प्रकाशकाची सोय आहे. पुढच्या लेखकाने कशाशी जुळवून घ्यायचं ते त्यातून ठरतं. वाचकावर ते बंधन नाही.

शिवाय लिजेंड्समधून उचललेलं इतकं काही नव्यात आलंय की सीमारेषा पुसट झाली आहे. थ्रॉन २०१६ मध्ये ‘रेबेल्स’मध्ये आला, २०२३ मध्ये ‘अहसोका’त लार्स मिकेलसन यांच्या रूपात प्रत्यक्ष उभा राहिला.

सगळंच चांगलं आहे का?

नाही. नव्वदच्या दशकातल्या कादंबऱ्यांना महाशस्त्रांचं व्यसन लागलं होतं. एका पुस्तकात सूर्य फोडणारं छोटं जहाज, दुसऱ्यात डेथ स्टारची नवी नक्कल, तिसऱ्यात सम्राटाचं विसरलेलं युद्धजहाज. प्रत्येक वेळी आकाशगंगा संकटात असेल तर ती कधीच संकटात नसते. याउलट हान सोलोवरच्या ब्रायन डेली यांच्या १९७९-८० च्या तीन छोट्या कादंबऱ्या घ्या. पैशाची चणचण, बिघडलेलं जहाज, अवघड गिऱ्हाईक, एवढ्यावर त्या चालतात आणि अजून ताज्या वाटतात.

सुरुवात कुठून करू?

झान यांच्या त्रयीपासून. मूळ तीन चित्रपट पाहिलेले असले की पुरे. मग ‘एक्स-विंग : रोग स्क्वाड्रन’, आणि मध्ये कधीतरी डेली यांच्या कादंबऱ्या. सोर्सबुकांपैकी आधी १९८७ चं मूळ पुस्तक, नंतर १९८९ चं ‘इम्पीरियल सोर्सबुक’. हे दुसरं मला फार मोलाचं वाटतं. साम्राज्य म्हणजे वेडर आणि पांढऱ्या चिलखतातले शिपाई एवढंच चित्र डोक्यात असतं. या पुस्तकात त्याची खाती दिसतात, हुद्दे दिसतात, एकमेकांवर पाळत ठेवणारे अधिकारी दिसतात. जुलमी राजवट रोजच्या कारभारातून कशी चालते, हे त्यातल्या रूक्ष वाटणाऱ्या तक्त्यांतून कळतं. सोर्सबुक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. कुठेही उघडा.

‘न्यू जेडाय ऑर्डर’ ही एकोणीस पुस्तकांची मालिका मात्र सुरुवातीला धरू नका. आधी माणसांचा लळा लागू द्या, मग ती वाचा.

लेखकांना पैसे नीट मिळतात का?

बहुतेक टाय-इन लेखन मोबदला ठरवून करून घेतलेलं असतं. हक्क मालकाकडे राहतात, रॉयल्टी करारावर अवलंबून. २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने ॲलन डीन फॉस्टर यांच्या थकलेल्या रॉयल्टीचा विषय जाहीरपणे मांडला. लुकासफिल्म आणि फॉक्स विकत घेतल्यानंतर डिस्नेकडून आपल्या स्टार वॉर्स आणि ‘एलियन’ पुस्तकांचे पैसे येणं थांबलं, अशी त्यांची तक्रार होती. पुढे फॉस्टर यांच्यापुरता तोडगा निघाला. या विश्वातली पहिली कादंबरी लिहिणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, हे मनाला लागतं.

दुसऱ्या स्पेस ऑपेरांतही असंच घडलं का?

घडलं, पण प्रत्येकाची वाट निराळी. स्टार ट्रेकमध्ये जॉन एम. फोर्ड यांनी १९८४ मध्ये क्लिंगॉनांवर कादंबरी लिहिली आणि फासा कंपनीच्या आरपीजीतल्या क्लिंगॉन पुस्तकावरही काम केलं. पण तिथे पडद्यावरचं तेवढंच अधिकृत, हा दंडक असल्याने ते क्लिंगॉन मालिकांत आले नाहीत. ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ मध्ये टेबलावरचा युद्धखेळ म्हणून सुरू झाला. जुन्या नियमपुस्तकांत पार्श्वभूमी म्हणून आलेल्या होरसच्या बंडावर २००६ पासून पन्नासहून अधिक पुस्तकं निघाली.

‘द एक्सपान्स’ तर उलट्या दिशेने आलं. टाय फ्रँक यांनी ते विश्व आधी ऑनलाइन गेमसाठी रचलं, मग मित्रांसोबत आरपीजी म्हणून खेळलं. डॅनियल एब्राहम यांनी ती टिपणं बघून कादंबरी सुचवली, २०११ मध्ये दोघांचं पहिलं पुस्तक आलं, त्यावर मालिका झाली आणि २०१९ मध्ये त्याचा छापील आरपीजी निघाला.

आज खेळायचं तर कोणती आवृत्ती घेऊ?

वेस्ट एंड १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि परवाना सुटला. मग विझार्ड्स ऑफ द कोस्टने २००० ते २०१० सांभाळला; त्यांची २००७ ची ‘सागा एडिशन’ चांगली आहे. २०१३ पासून फँटसी फ्लाइटची ‘एज ऑफ द एम्पायर’ आणि तिची भावंडं, आकड्यांऐवजी चिन्हांच्या खास फाशांसह. पुढे ती एज स्टुडिओकडे गेली. नव्याने शिकणाऱ्या गटाला मी अजूनही मूळ फाशांचाच खेळ सुचवेन. घरातल्या कुठल्याही बोर्डगेमचे फासे चालतात आणि अर्ध्या तासात पात्रं तयार होतात.

ही पुस्तकं मिळतील कुठे?

लिजेंड्स कादंबऱ्या ई-बुक म्हणून सहज मिळतात. डेल रे प्रकाशनाने २०२१ पासून ‘इसेन्शियल लिजेंड्स कलेक्शन’ या नावाने निवडक पुस्तकं नव्या मुखपृष्ठांसह छापली आहेत. ‘एअर टू द एम्पायर’ त्यातल्या पहिल्या तुकडीत होतं. नव्वदच्या दशकातली जुनी पेपरबॅक हवी असतील तर मुंबईत फोर्टच्या पदपथांवर किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी ढिगात डोकवत राहा. वेस्ट एंडचं मूळ नियमपुस्तक आणि १९८७ चं सोर्सबुक फँटसी फ्लाइटने २०१८ मध्ये एका खोक्यात पुन्हा छापलं होतं. ते आता वापरलेल्या पुस्तकांच्या बाजारात शोधावं लागतं. बाकीच्या सोर्सबुकांचं पुनर्मुद्रण झालेलं नाही. विकत घेताना शेवटची पानं आहेत का ते आधी विचारा, कारण पात्रांचे कोरे तक्ते तिथेच असत आणि जुन्या मालकांनी ते बहुधा फाडून वापरलेले असतात.